निळ्या झग्यातली

९ जानेवारी, गुरुवार

आज मला गप्प बसवलं. एकोणऐंशी वर्षांच्या माणसाला, लायब्ररीच्या तळघरात, पोरांनी रंगवलेल्या अस्वलांच्या चित्रांखाली, चारचौघांत गप्प बसवलं!

आमचं लेखकमंडळ चालवणारी जुनी बाई मुलीकडे फ्लोरिडाला राहायला गेली आणि तिच्या जागी ही सेलेस्ट हार्डिमन आली. वय बत्तीस असेल-नसेल. शिवाय पुलाखालची. सामुद्रधुनीवरच्या मोठ्या पुलाच्या दक्षिणेकडच्या सगळ्यांना आम्ही पुलाखालचेच म्हणतो आणि त्या एका शब्दात आम्हाला म्हणायचं ते सगळं येतं. लिहायचं कसं, याचं म्हणे तिनं विद्यापीठात शिक्षण घेतलंय. तिनं आल्या आल्या नियम काढला. ज्याचं लिखाण, त्यानं ते वाचून दाखवायचं आणि मग तोंड मिटायचं. बाकीचे वीस मिनिटं त्यावर बोलणार, त्यानं ऐकायचं. शेवटी फक्त ‘आभारी आहे’ म्हणायचं.

‘‘आणि त्यांचा गैरसमज झाला तर?’’ मी विचारलं.

‘‘तर तो कागदावरून झालाय, ऑनी. पुस्तक लोकांच्या घरी जातं तेव्हा समजावून सांगायला तुम्ही त्याच्या मागून जाता का?’’

‘‘हा जाईल!’’ डॉर्कस ट्रेवॅरो म्हणाली. ‘‘दार नाही उघडलं तर खिडकीतून सांगेल.’’ डॉर्कस माझ्याबरोबर पहिलीपासून शाळेत होती, तेव्हा मला काहीही बोलायचा परवाना आपल्याला जन्मभरासाठी मिळालाय असं ती समजते. सध्या ती आपल्या मांजरीचं आत्मचरित्र लिहितेय. मांजरीच्याच तोंडून. आणि असल्या बाईनं माझ्या कवितेवर बोलायचं नि मी ऐकायचं! तिसरा गिल बोड्री. त्याच्या प्रत्येक गोष्टीत वसंतात सरोवराचं बर्फ फुटतं आणि खालून प्रेत वर येतं.

मी उठूनच आलो असतो. पण एक बातमी आहे. आमच्या फिन हॉलला या उन्हाळ्यात शंभर वर्षं होतात. फिनलंडहून आलेल्या आमच्या आजोबांनी खाणीतून सुटल्यावर संध्याकाळी एकेक तुळई चढवून तो बांधला. त्याचं स्मरणपुस्तक निघणार आहे. पहिल्या पानावर गावातल्या कुणाचं तरी लिखाण येणार, आणि ते कुणाचं हे आमच्या मंडळानं सुचवायचं. शिवाय जूनमध्ये युहान्नुसच्या, आमच्या मध्य-उन्हाळ्याच्या सणाला ते मंचावरून वाचायचं.

आयुष्यात माझं छापून आलेलं एकच. हार्डवेअरच्या दुकानाची जाहिरात. तीसुद्धा यमकात होती, पण कुणाच्या लक्षात आलं नाही.

म्हणून उठलो नाही. गप्प बसलो.

१२ जानेवारी

कविता पुढे सरकतेय. सगळी त्या एका रात्रीवर आहे. एकोणीसशे सदुसष्टचा ऑगस्ट, हॉलमध्ये नाच, अकॉर्डियन, आणि दाराशी एल्मा. मी एकवीस वर्षांचा, ती एकोणीस. कितीतरी वर्षं मी हे डोक्यात घोळवतोय. दुकानात खिळे तोलताना घोळवलं, बर्फ उपसताना घोळवलं. आता हॉलच्या निमित्तानं एकदाचं कागदावर उतरतंय.

चाल मिस हार्गेटच्या वर्गातली. त्या शेगडीशेजारी उभ्या राहून टेबलावर पट्टीनं ठेका धरत. बाहेर खिडकीच्या निम्म्यापर्यंत बर्फ, आत ओल्या लोकरीचा वास, आणि आम्ही सगळी पोरं एका सुरात कविता म्हणतोय. यमक आलं की आपसूक मान हलायची. पुढे आयुष्यात ज्यानं ज्यानं मान हलली त्या सगळ्यात मला तीच पट्टी ऐकू आली. आजकालच्या कवितेत पट्टी कुठे वाजवायची ते तरी कुणी मला दाखवावं!

आज सकाळी हे जमलं:

निळ्या झग्यात दाराशी ती उभी होती खुशीत,
जणू चंद्रच विसावला सरोवराच्या कुशीत.
वाट कुणाची पाहत होती? विचारू नका मला;
पावलं माझी वाजली अन् गाल तिचा फुलला.

एल्मा निसू पावाची कणीक तिंबत होती. सगळ्या घरात वेलदोड्याचा वास. मी तिला वाचून दाखवलं. तिचे हात थांबले. ‘‘ऑनी, त्या रात्री खरं म्हणजे मी –’’

‘‘थांब थांब,’’ मी म्हणालो, ‘‘तोंडाशी आलेली ओळ सुटेल.’’

ती थांबली. तिचा हाच तर गुण. कवीला बायको मिळावी तर अशी.

२२ जानेवारी

शिकागोच्या एका मासिकाला शरदात पाठवलेली कविता परत आली. ‘आमच्या पानांचा स्वभाव यमकाशी जुळत नाही.’ पानांचा स्वभाव! पानांना स्वभाव असतो आणि माणसाच्या छातीतल्या ठोक्याला नसतो?

दिवसभर काही लिहिलं नाही. एल्मा घरी नव्हती. मंगळवारी आणि शुक्रवारी ती जिल्ह्याच्या हॉस्पिटलात मासिकांची ढकलगाडी फिरवते, फुकट. आज बुधवार असून कुणाच्या तरी बदली गेली. पाय मोकळे होतात तिचे. मला मात्र आज घरात माणूस हवं होतं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

वा!

घरी येताना वादळात समोरचं दिसत नव्हतं, पण मी गात गाडी चालवली. आज मी हिवाळ्याचा भाग वाचला. सेलेस्टनं एका ओळीखाली पेन्सिलनं दोनदा रेघ ओढली. ‘सरोवर हे कूस बदलते बर्फाखाली रात्री.’ म्हणाली, ‘‘ही ओळ जिवंत आहे. ही वाचून मला थंडी वाजली.’’ गिलनंही मान हलवली. डॉर्कस काही बोलली नाही, म्हणजे तिलाही आवडली.

पुलाखालच्या माणसांत एखादं चांगलंही निघतं.

७ फेब्रुवारी

एल्मानं विचारलं, कुठली ओळ आवडली त्यांना? मी म्हणून दाखवली. ‘‘असं होय,’’ म्हणाली आणि बशी पुसत राहिली. एकच बशी किती वेळ पुसायची!

मग आठवलं. मागे कधीतरी भांडी घासताना खिडकीतून बघत ती असलं काहीतरी बोलली होती खरी. सरोवर कूस बदलतंय वगैरे. बरं मग? लाकूड कुणाच्याही आवारात पडलेलं असतं, खुर्ची सुतार करतो. वृत्तात कुणी बसवलं? मी. उगाच मनाला लावून घेण्यात अर्थ नाही.

तरी आज लिहायला बसलो तर बाकीच्या ओळी त्या ओळीशेजारी मांडवातल्या कागदी फुलांसारख्या दिसायला लागल्या. सेलेस्टनं मुद्दाम केलं असणार हे. एक ओळ उचलून धरायची म्हणजे बाकीच्या आपोआप खाली बसतात.

६ मार्च, गुरुवार



आज दाराचा भाग वाचला. कवितेचं काळीजच तो. वाचून झाल्यावर क्षणभर सगळे शांत होते. मला वाटलं, भारावलेत. मग गिल बोड्री, जो जन्मभर प्रेतं पाण्यातून काढत आलाय, तो म्हणतो, ‘‘एक विचारू? ही बाई जिवंत आहे ना? नाही म्हणजे, माझ्या गोष्टीतली मेलेली माणसंसुद्धा हिच्याहून जास्त बोलतात.’’

डॉर्कसला तेवढंच हवं होतं. ‘‘अगदी! आख्ख्या कवितेत एक शब्द नाही तिच्या तोंडी. उभी राहते, लाजते, फुलते. बाई आहे का कुंडीतलं झाड? माझी मांजर पहिल्याच पानावर डॉक्टरांबद्दलचं मत सांगते.’’

मी तोंड उघडलं. सेलेस्टनं बोट वर केलं. नियम!

मग ती स्वतः म्हणाली, ‘‘तो तिला एकही प्रश्न विचारत नाही, हे मला लक्षात घेण्यासारखं वाटतं. ती कुणाची वाट बघत होती, हे तो स्वतःलाच विचारतो आणि स्वतःच उत्तर देतो. कवीनं हे मुद्दाम केलं असेल, तर ही फार वेगळी कविता आहे.’’

मुद्दाम! अरे, ती राणी आहे त्या कवितेतली! चंद्र आणून ठेवलाय मी तिच्यासाठी, आणखी काय करायचं माणसानं? राणीला का कुणी प्रश्न विचारतं? आणि हे सगळं मला सांगता येत नव्हतं. खुर्चीचे हात धरून मी वीस मिनिटं आतल्या आत उकळत बसलो आणि शेवटी दातांवर दात ठेवून म्हणालो, आभारी आहे.

घरी आल्यावर एल्माला सगळं सांगितलं. ताटातली पास्टी गार झाली तरी मी बोलत होतो. ‘‘डॉर्कस म्हणाली, कुंडीतलं झाड?’’ एवढंच विचारून ती हसायला लागली ती डोळे पुसेपर्यंत. मी म्हटलं, हसण्यासारखं काय आहे यात? मग ती म्हणाली, ‘‘तुमच्या त्या मंडळात कुणीही येऊन बसलेलं चालतं का रे?’’

‘‘लायब्ररी गावाची आहे,’’ मी म्हणालो. ‘‘कुत्रंसुद्धा येऊन बसेल आणि माझ्यावर मत देईल.’’

२० मार्च, गुरुवार

एल्मा आली.

न सांगता आली. मी पोचलो तर ही आधीच तिथे, कुणाच्या तरी बदलीचं काम आटपून हॉस्पिटलातून परस्पर आलेली, निसू पाव कापून सगळ्यांना वाटतेय. मला बरंच वाटलं, खोटं कशाला लिहू. म्हटलं, बघा म्हणावं राणी प्रत्यक्षात. दाराचा भाग मी थोडा घोटून आणला होता, तो पुन्हा वाचला. आज आवाजही चांगला लागला.

‘‘मी यातली बाई,’’ माझं संपताच एल्मा म्हणाली. ‘‘मी बोलले तर चालेल?’’

‘‘तुम्ही लेखक नाही, म्हणजे चालेल,’’ सेलेस्ट म्हणाली. असला हिचा कायदा!

‘‘झगा माझा नव्हता,’’ एल्मानं सुरुवात केली. ‘‘माझ्या बहिणीचा होता. काखेत इतका घट्ट की हात वर केला असता तर टर्रकन उसवला असता. म्हणून नाचत नव्हते. म्हणून आपली दाराशी उभी.’’

‘‘आणि ती खुशी?’’ डॉर्कसनं विचारलं.

‘‘कसली खुशी गं, श्वास धरून ठेवला होता!’’

गिलनं टेबलावर थाप मारली. पाव उडाला.

‘‘पण वाट बघत होतीस ना?’’ तो म्हणाला.

‘‘बघत होते की. चुलतभावाच्या ट्रकची. मला घरी जाऊन सामान बांधायचं होतं. नर्सिंगच्या कॉलेजात जागा मिळाली होती मला. सप्टेंबरात निघायचं होतं. घरी कुणाला बोलले नव्हते, त्या रात्री सांगणार होते.’’

हे मी पहिल्यांदा ऐकत होतो. एका टेबलाशी, गिल बोड्रीबरोबर, एकाच वेळी.

‘‘मग?’’ सेलेस्ट.

‘‘मग हा आला आणि यानं शाळेतली एक कविता म्हणायला घेतली. पहिल्या ओळीपासून. ट्रक आला, हॉर्न वाजवला, पुन्हा वाजवला, निघून गेला. याचं चालूच.’’

मी उठलो. सेलेस्टनं बोट वर केलं. मी बसलो. आजवर पोलिसानंसुद्धा मला असं बसवलेलं नाही.

‘‘आणि तुम्ही पुढे गेला का नाहीत? कॉलेजला?’’ सेलेस्टनं विचारलं.

‘‘ते त्यानं विचारलं तर सांगेन,’’ एल्मा म्हणाली आणि सुरी पुसून डब्यात ठेवली.

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. वीस मिनिटं झाली होती. मी काय म्हणणार होतो?

आभारी आहे, म्हणालो.

२१ मार्च

सकाळी कॉफीला न राहवून म्हणालो, ‘‘अठ्ठावन्न वर्षं! अठ्ठावन्न वर्षं मला सांगितलं नाहीस, आणि सांगितलंस कुणाला, तर गिल बोड्रीला?’’

‘‘गिलनं विचारलं,’’ ती म्हणाली.

हे काय उत्तर झालं?

नर्सिंग म्हणे. मिलवॉकीला असणार. त्या काळी गावच्या पोरींना मिलवॉकीचंच वेड होतं, मोठी दुकानं, मोठ्या इमारती. चार महिन्यांत रडत परत आली असती. पण मुद्दा तो नाहीच. मुद्दा माझ्या ओळींचा आहे. आता ‘खुशीत’ म्हणायला जावं तर काखेतली शिवण दिसते. ‘कुशीत’ म्हणावं तर मागे ट्रकचा हॉर्न वाजतो. इतक्या वर्षांत घडवलेली रात्र हिनं एका पावाच्या तुकड्याबरोबर वाटून टाकली! लेखकाचं घर कुणी असं लुटतं का? तेही घरातल्याच माणसानं?

३ एप्रिल, गुरुवार

आज मंडळाचा निवाडा झाला. तिघांचं एकमत. हॉलच्या पुस्तकासाठी माझीच कविता सुचवायची, पण एल्मानं सांगितलेलं आत घेतलं तर. ‘‘तो ट्रक, तो घट्ट झगा,’’ सेलेस्ट म्हणाली, ‘‘तिथेच तर ती रात्र आहे, ऑनी.’’

‘‘ट्रकचा हॉर्न? कवितेत? काखेतली शिवण?’’ आज माझं वाचन नव्हतं, त्यामुळे मला बोलता येत होतं आणि मी मनसोक्त बोललो. मिस हार्गेट असत्या तर त्यांनी या सगळ्यांना कोपऱ्यात उभं केलं असतं, हेही सांगितलं.

‘‘मिस हार्गेटना तुझी पाठांतरं ऐकून झोप यायची रे,’’ डॉर्कस म्हणाली. ‘‘मी पहिल्या बाकावर होते, मी बघितलंय.’’

कागद गोळा केले आणि निघालो. नको तुमचं पहिलं पान.

५ एप्रिल, शनिवार

पहिलं पान माझं!

शनिवारच्या सौनाला, म्हणजे वाफेच्या अंघोळीला, उर्हो पेल्टोकडे गेलो होतो. उर्हो हॉलच्या समितीचा अध्यक्ष. मंडळानं काय ते सुचवावं, पण ठरवणार उर्हो. आणि उर्हो सौनाच्या बाकावर बसला की कशालाच नाही म्हणत नाही, हे साऱ्या गावाला ठाऊक आहे. निम्म्या गावाची कर्जं आणि सोयरिकी त्याच बाकावर ठरल्यात.

‘‘यमक आहे?’’ त्यानं विचारलं.

‘‘पहिल्यापासून शेवटपर्यंत.’’

‘‘हॉल आहे त्यात?’’

‘‘हॉलच आहे. चंद्र आहे, अकॉर्डियन आहे, एल्मा आहे.’’

‘‘मग झालं तर. पान तुझं. पाणी टाक जरा.’’

मी तापल्या दगडांवर पळीभर पाणी टाकलं. अशी वाफ उसळली की दोघंही दिसेनासे झालो. त्या वाफेत मी पुन्हा एकवीस वर्षांचा झालो होतो.

६ एप्रिल

डॉर्कसचा फोन. ‘‘सौनातून चोरून गेलास होय रे! कपडे तरी होते का अंगावर, का निर्लज्जपणा सगळ्याच बाजूंनी?’’ आणि फोन आदळला.

जळते. तिच्या मांजरीला पहिलं पान मिळालं असतं.

एकच वाटतं. उर्होनं कविता मागितलीसुद्धा नाही वाचायला. अध्यक्ष माणूस, कामात असतो. पण माझ्या आयुष्यातला पहिला होकार, आणि तो देताना त्याचं लक्ष दगडांवर होतं.

१७ मे

छापखान्यातून पहिली प्रत बघायला आली. माझं नाव, ऑनी रौतिओ, जाड अक्षरांत. मी ते बोटानं चाचपून बघितलं. कागदावर उठलेलं नसतं, तरी चाचपलं.

एल्माच्या हातात दिलं. तिनं चष्मा लावला आणि खिडकीपाशी उभी राहून सगळी कविता वाचली, एकही ओळ न गाळता. मी श्वास रोखून उभा.

‘‘छान आहे,’’ म्हणाली. ‘‘शाई चांगली लागलीय.’’

‘‘आणि कविता?’’

‘‘गोड आहे मुलगी. भेटायला आवडलं असतं मला.’’

चष्मा मिटला नि बाहेर कपडे वाळत घालायला गेली. टोमणा मारायचा तर आवाज तरी चढवावा माणसानं! भांडता तरी आलं असतं.

१९ मे

ठीक आहे. बोलत नाही ना ती कवितेत? बोलवतो. दोन दिवस खपून ओळी रचल्या. उर्हो म्हणाला, उद्यापर्यंत बदल करता येईल.

‘‘नाही गेले दूर कुठे मी,’’ हळूच ती बोलली,
‘‘तुझ्या शब्दांच्या सावलीत मज वाट माझी कळली.’’

एल्मानं वाचलं. ‘‘हे कोण बोलतंय?’’

‘‘तू.’’

‘‘मी नाही. हेही तूच.’’

मी पेन्सिल भिरकावली. ती फ्रिजखाली गेली आणि मला वाकता येत नाही. तीही आली नाही काढायला.

२५ मे

लिहिण्यासारखं काही नाही. बाकीच्यांचं असं होतं का, कुणाला विचारू? फेब्रुवारीत एका ओळीसाठी वादळातून गात आलो होतो मी. आता छापलेलं पान कपाटात ठेवलंय आणि कपाटाकडे पाठ करून बसतो. जन्मात एक घर बांधलं, आणि ज्याच्यासाठी बांधलं ते माणूस म्हणतं, मी इथे राहत नाही.

ती ओळी चांगल्या असल्याचं तरी एकदा म्हणाली असती.

२२ जून, रविवार

काल युहान्नुस झाला. सावकाश लिहितो.

हॉल खच्चून भरला होता. बाहेर किनाऱ्यावर शेकोटीसाठी लाकडं रचलेली, आत कॉफी, लोणचं घातलेला हेरिंग आणि टेबलावर स्मरणपुस्तकांचे गठ्ठे. जो तो पहिलं पान उघडून एल्माकडे येत होता. ‘‘तूच ना गं ही? निळ्या झग्यातली?’’ ती दरवेळी एकच सांगत होती, ‘‘लिहिलंय खरं तसं.’’ सह्यासुद्धा मागितल्या तिच्याकडे. तिनं केल्या. माझ्याकडे कुणी सही मागितली नाही, हे इथे नोंदवून ठेवतो.

उर्होनं नाव पुकारलं. मी मंचावर चढलो. सुरुवात झकास झाली. तुळया, खाण, आजोबा; म्हाताऱ्या माना हलत होत्या, अगदी मिस हार्गेटच्या वर्गातल्यासारख्या. असा क्षण मला पुन्हा मिळायचा नाही, हे वाचतानाच कळत होतं मला. मग दार आलं. निळ्या झग्यात दाराशी ती उभी होती खुशीत. एवढं म्हटलं आणि समोर नजर गेली. तिसऱ्या रांगेत एल्मा. हात मांडीवर, ओठ मिटलेले, श्वास धरून बसलेली. लोक तिच्याकडे वळून वळून हसत होते आणि ती त्यांच्याकडे बघून मान डोलवत होती. हॉस्पिटलातल्या रोग्यांकडे बघून डोलवत असेल तशी.

पुढची ओळ मला येईना. येत होती, पण येईना.

‘‘अरे, पुढे म्हण की!’’ पुढच्या बाकावरून उर्हो ओरडला. ‘‘लाजतोस काय! ती तुझीच वाट बघत होती, सगळ्या गावाला ठाऊक आहे!’’

हॉल हसला. आणि माझं डोकं सटकलं. सगळ्या गावाला ठाऊक आहे म्हणे! काय ठाऊक आहे तुम्हाला?

‘‘नव्हती!’’ मी ओरडलो. माईक किंचाळला. ‘‘नव्हती बघत माझी वाट! ट्रकची बघत होती! तिला नर्स व्हायचं होतं, मिलवॉकीला जागा मिळाली होती तिला, आणि मी वाटेत उभा राहून कविता म्हणत बसलो, ट्रक निघून जाईपर्यंत. तो झगासुद्धा तिचा नव्हता! आणि इथे पहिल्या पानावर मी तिला खुशीत उभी केलीय, आणि तुम्ही सगळे तिच्याकडून त्याखाली सह्या घेताय! यातलं यमक तेवढं खरं आहे. बाकी एक अक्षर घेऊ नका!’’

मग उर्होचा रडवेला आवाज आला, ‘‘अरे, पण पाचशे प्रती छापल्यात!’’

मी खाली उतरलो. कुणी टाळी वाजवली नाही. मागे भिंतीशी सेलेस्ट उभी होती, ती वहीत काहीतरी लिहीत होती, लिहू दे. एल्मानं कोट घेतला आणि आम्ही बाहेर पडलो. शेकोटी पेटायचीच होती अजून.

गाडी सरोवराच्या कडेनं घेतली. दहा वाजत आले तरी पाण्यावर उजेड होता. मी वाट बघत होतो. काहीतरी म्हणेल. पहिलं पान, मंच, इज्जत, सगळं टाकून आलो होतो मी तिच्यापायी.

‘‘मिलवॉकी नाही,’’ ती म्हणाली. ‘‘डुलुथ.’’

‘‘काय?’’

‘‘डुलुथला मिळाली होती जागा. मिलवॉकीचं नाव मी कधी काढलं?’’

‘‘अगं, भर हॉलमध्ये मी स्वतःच्या हातानं स्वतःची कविता फाडून आलो, आणि तू मला गावाचं नाव दुरुस्त करून देतेस?’’

‘‘मार्चमध्ये सांगितलं मी तुला. एप्रिल गेला, मे गेला, जून चाललाय. कुठलं कॉलेज, एवढं तरी विचारायचंस, ऑनी. इतका चिडलास, इतका फणफणलास, माझ्या नावानं ओळीसुद्धा रचल्यास. विचारलं नाहीस.’’

रागच इतका आला होता, आणि कुणाचा ते समजेना. दोन वळणं घेतली. मग म्हणालो, ‘‘का गेली नाहीस?’’

‘‘तू रस्त्याकडे बघतोयस.’’

मी गाडी खडीवर उतरवली, इंजिन बंद केलं आणि तिच्याकडे वळलो. मान दुखते मला वळताना. वळलो.

‘‘ट्रक गेला तेव्हा तुझी कविता अर्धीच झाली होती,’’ एल्मा म्हणाली. ‘‘धावले असते तर वळणावर गाठता आला असता. पण मला वाटलं, इतका जीव लावून म्हणतोय, तर संपल्यावर मला काहीतरी विचारेल. कुठे निघालीस, असं काहीतरी. म्हणून थांबले.’’

‘‘मी लग्नाचं विचारलं होतं!’’

‘‘ते तू सांगितलंस. विचारलं नव्हतंस.’’

तिनं काच खाली केली, डास आत आले, पुन्हा वर केली. मग बोलायला लागली. डुलुथबद्दल, बहिणीबद्दल, पुढच्या सगळ्या वर्षांबद्दल. ते मी इथे लिहीत नाही. ते तिचं आहे. पाण्यावरचा उजेड जाईपर्यंत आम्ही तिथेच होतो, आणि तेवढ्या वेळात मी दोनदाच मध्ये बोललो. दोन्ही वेळा विचारायला.